सूझांची रेषा छायाचित्रात कशी आणावी?

प्रश्न (फोंडा)
नमस्कार. मी मानवी देहाचे अमूर्त छायाचित्रण करू पाहत आहे. गोव्यातील साळगावात 1924 साली जन्मलेल्या चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या चित्रांत देहाभोवती जी जाड, काळी, आक्रमक रेषा असते, ती मला फार ओढून घेते. माझ्या छायाचित्रांत मात्र खांदा हा खांदाच राहतो. संगणकावर कडा गडद केल्या, तर त्या वरून चिकटवल्यासारख्या दिसतात. ही रेषा प्रकाशातूनच मिळवता येईल का?

उत्तर (म्हापसा)
निश्चित येईल. फिकट भिंतीसमोर व्यक्तीला बसवा, मऊ प्रकाश कॅमेऱ्याच्या मागून येऊ द्या आणि दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जेमतेम बाहेर, काळे कापड टांगा. पाठीचा मधला भाग उजळतो, पण कडेशी वळणारी त्वचा काळ्या कापडाकडे तोंड करून असल्यामुळे तिच्यावर प्रकाश परतत नाही आणि तिथे गडद रेषा उमटते. कापड जवळ सरकवले की ती जाड होते. आपल्याकडच्या जुन्या घरांत शिंपल्यांची तावदाने शिल्लक असतील, तर याहून चांगला मऊ प्रकाश विकत मिळणार नाही.

उत्तर (मडगाव)
तंत्र योग्य आहे, परंतु तेवढ्याने छायाचित्र अमूर्त होणार नाही, असे मला वाटते. सूझांची रेषा देहाची कड पाळत नाही, ती देहाला कापते. कॅमेऱ्यात हे काम चौकटीला करावे लागते. छायाचित्रकार बिल ब्रँट यांचा 1961 सालचा ‘पर्स्पेक्टिव्ह ऑफ न्यूड्स’ हा संग्रह अवश्य पाहावा: समुद्रकिनाऱ्यावर अगदी जवळून टिपलेले गुडघे आणि कोपर तिथे दगडांसारखे भासतात, कारण प्रमाण कळण्याची सोयच त्यांनी ठेवलेली नाही. चेहरा, बोटे, बेंबी यांपैकी एक जरी चौकटीत आले, तरी डोळा लगेच उरलेला देह जुळवून घेतो. म्हणून आधी हे वगळावे, मगच रेषेचा विचार करावा.

उत्तर (डिचोली)
एक गोष्ट आग्रहाने सांगतो. चेहरा दिसत नाही म्हणून संमती गृहीत धरू नये. छायाचित्र कुठे लावणार, हे आधी स्पष्ट सांगावे आणि निवडलेले प्रत्येक छायाचित्र त्या व्यक्तीला दाखवावे.

प्रश्नकर्ता (फोंडा)
आपणा सर्वांचे आभार. काळे कापड आणि घट्ट चौकट, दोन्ही एकत्र करून पाहतो. संमतीपत्र मराठीतच लिहून घेईन.