अमरचंद मंगलदाससारख्या लॉ फर्म्स एवढ्या मोठ्या झाल्या कशा?

चष्मिष:
मंडळी, बऱ्याच दिवसांची शंका आहे. भाची लॉच्या चौथ्या वर्षाला आहे, तिच्या तोंडी सतत कॅम आणि सॅम, मला आधी वाटलं वर्गातली मुलं असतील. मग कळलं की सिरिल अमरचंद मंगलदास आणि शार्दुल अमरचंद मंगलदास अशा दोन फर्म्स आहेत आणि दोघी आपलं मूळ १९१७ चं सांगतात. आता माझ्या डोक्यातला वकील म्हणजे काळा कोट, फायलींचा ढीग, दोन ज्युनिअर आणि एक टायपिस्ट. एका फर्ममध्ये शेकडो वकील, त्यातल्या बऱ्याच जणांचा कोर्टाशी संबंधच नाही म्हणे, हे सगळं झालं कधी? आणि एकाच्या दोन कशा झाल्या?

फोर्टवाला:
कोर्टात न जाणारा वकील मुंबईला अजिबात नवीन नाही हो. हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला (म्हणजे जिथे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात) सॉलिसिटर वेगळा आणि कौन्सेल वेगळा अशीच पद्धत होती, अशील सांभाळायचं, कागद तयार करायचे ते सॉलिसिटरने आणि उभं राहून बोलायचं ते कौन्सेलने. ही सक्ती सत्तरच्या दशकात गेली तरी सॉलिसिटरची परीक्षा अजून होते. क्रॉफर्ड बेली स्वतःला १८३० ची म्हणवते, लिटल अँड कंपनी १८५६ ची, मुल्ला अँड मुल्ला १८९५ ची, त्या मानाने अमरचंद उशिराचीच. कामं काय, तर मिळकतीचं टायटल म्हणजे मालकी हक्क तपासणं, ट्रस्ट डीड, मृत्युपत्रं, गिरण्या नि कंपन्यांचे करार. आणि मोठं व्हायचं म्हटलं तरी कायदाच आडवा यायचा. १९५६ च्या कंपनी कायद्यात कलम ११ होतं, भागीदारीत २० च्या वर माणसं चालायची नाहीत. मग मुंबईची भागीदारी वेगळी, दिल्लीची वेगळी असले मार्ग काढायचे, नाहीतर कार्डावर पार्टनर लिहून महिन्याला पगार द्यायचा. २००८ चा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) कायदा आला आणि नंतर २०१३ च्या कंपनी कायद्यात प्रोफेशनल लोकांना सूट मिळाली तेव्हा कुठे ही कटकट मिटली.

कागदकीडा:
फोर्टवाला, २० चा नियम होता हे बरोबर पण खरी गोष्ट म्हणजे नव्वदच्या आधी तेवढं कामच नव्हतं. शेअर कितीला विकायचा हेसुद्धा दिल्लीतला कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज ठरवायचा, तिथे वकील घासाघीस करणार कशावर? १९९२ मध्ये ते ऑफिस बंद झालं, शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीला कायद्याचे अधिकार मिळाले, परदेशी पैसा आला आणि त्याच्यासोबत शंभर-शंभर पानी करार घेऊन समोर बसणारे परदेशी वकील आले. मग टेकओव्हरचे नियम, २०११ पासून मोठ्या विलीनीकरणाला कॉम्पिटिशन कमिशनची आधी परवानगी, २०१६ चा दिवाळखोरी कायदा, प्रत्येक नवीन कायदा म्हणजे फर्ममध्ये एक नवीन टीम.

आणि माणसं का लागतात ते मी करून बसलोय (फर्मचं नाव विचारू नका). एक कंपनी दुसरीला घेणार असली की ड्यू डिलिजन्स, म्हणजे त्या कंपनीचा प्रत्येक कागद वाचायचा. पूर्वी डेटा रूम म्हणजे खरोखरची खोली असायची, आत फायली, बाहेर रजिस्टर, झेरॉक्स काढायची नाही, हाताने नोट्स घ्यायच्या. भाडेकरारावर स्टॅम्प ड्युटी पुरेशी भरलीय का, करार रजिस्टर झालाय का, आणि बँकेच्या कर्जाच्या कागदात कुठेतरी आत दडलेलं एक कलम की मालक बदलला तर बँक सगळं कर्ज लगेच परत मागू शकते. ते एक कलम सापडलं की सौद्याची किंमत हलते, राहून गेलं तर क्लायंट तुमच्या पार्टनरला झोपू देत नाही. हे काम दोन ज्युनिअर आणि एका टायपिस्टचं नाहीच. त्यात बिल लागतं तासावर, टाइमशीट भरायची सहा-सहा मिनिटांच्या हिशोबाने. पार्टनरचे स्वतःचे तास कितीही ताणले तरी संपतात, पण हाताखालच्या पोरांचे तास विकता येतात, म्हणून वर चार आणि खाली चाळीस. वाढीचं सगळं गणित तिथे आहे, बाकी वारसा-बिरसा वेबसाइटवर.

रोहिणी_के:
वारसा-बिरसा म्हणून उडवू नका, एकाच्या दोन झाल्या त्या वारशापायीच. फर्मच्या नावातले अमरचंद म्हणजे अमरचंद श्रॉफ, त्यांचे चिरंजीव सुरेश, त्यांचे दोन मुलगे, शार्दुल दिल्ली बघायचे आणि सिरिल मुंबई. फर्मची मालकी घरातच. आई भारती श्रॉफ यांच्या मृत्युपत्रावरून प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं, मग तडजोड झाली आणि मे २०१५ पासून दोन वेगळ्या फर्म्स. सगळ्यांना वाटलं आता दोघी लहान होणार, झालं उलटंच. मुंबईवाल्याला दिल्लीत टीम हवी, दिल्लीवाल्याला मुंबईत, भरतीची नुसती शर्यत लागली, त्या काळात ज्यांनी नोकऱ्या बदलल्या त्यांची चंगळ झाली.

शिवाय फोर्टवाला, कागदकीडा, एक गोष्ट तुम्ही दोघांनीही सांगायची सोडली. परदेशी फर्म्सना दार बंद होतं. नव्वदच्या दशकात व्हाइट अँड केस, अॅशर्स्ट वगैरेंनी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने इथे लायझन (फक्त संपर्कापुरती) ऑफिसं काढली होती, २००९ मध्ये मुंबई हायकोर्टाने ती परवानगी चुकीची ठरवली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने अधूनमधून येऊन सल्ला देण्यापुरतीच मुभा ठेवली, बार कौन्सिलने मर्यादित प्रवेशाचे नियम काढले ते थेट २०२३ मध्ये. म्हणजे सौदे आंतरराष्ट्रीय आणि स्पर्धा घरातली. असं कुणाला मिळतं?

आणि कुटुंबाशिवायही जमतं बरं का, २००० मध्ये सुरू झालेली ट्रायलीगल बघा.

चष्मिष:
बापरे, मस्त माहिती. मग भाचीने कॅम धरावं की सॅम?

कागदकीडा:
नाव सोडा, इंटर्नशिपला गेली की टीम कुठली, काम देणारा पार्टनर कोण आणि रात्री किती वाजता दिवे बंद होतात ते बघायला सांगा. आणि पार्टनर म्हणजे नफ्यातला की पगारी, हे एखाद्या सिनिअरला चहा पाजून काढून घ्यायचं, मुलाखतीत नाही विचारायचं.

फोर्टवाला:
आणि सॉलिसिटरची परीक्षा द्यायची असेल तर आर्टिकलशिपचे (सॉलिसिटरच्या हाताखालच्या उमेदवारीचे) नियम आत्ताच बघून ठेवायला सांगा, नोकरी लागल्यावर अभ्यास होत नाही.