ब्रुसेलोसिस: आधी तपासणी की आधी लस?

सूक्ष्मदर्शी
राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. लाळ-खुरकुताच्या जोडीने ब्रुसेलोसिसही (जनावरं गाभडवणारा, माणसालाही होणारा जिवाणूंचा रोग) त्यात आहे: गाई-म्हशींच्या ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना एस-१९ लस, आयुष्यात एकदाच. माझं म्हणणं असं, की रोग कोणत्या गावात आहे हेच माहीत नसेल तर लस लागू पडली की नाही ते कळणार कसं? संशोधनाचा पैसा नव्या लशीआधी दूध संकलन केंद्रावरच्या रिंग टेस्टमध्ये घाला.

चाचणी स्वस्त आहे. १ मिलि दूध, त्यात हिमॅटॉक्सिलिन या रंगाने रंगवलेलं अँटिजेन (मारलेल्या ब्रुसेला जिवाणूंचं द्रावण) ०.०३ मिलि, ३७ अंशांवर तासभर. दुधात प्रतिपिंडं असतील तर रंगीत जिवाणूंचे पुंजके स्निग्धकणांना धरून सायीबरोबर वर येतात. वर निळं कडं, खाली पांढरं दूध. दूध तापवलेलं, गोठवलेलं किंवा घुसळलेलं नको. चीक किंवा कासदाहाचं दूध असेल तर खोटा होकार येतो. म्हणून ही फक्त चाळणी. कडं दिसलं की त्या गोठ्यांतल्या प्रत्येक जनावराची रोझ बंगाल ही रक्तचाचणी: सिरम (रक्तातला पातळ द्रव) आणि अँटिजेन ३०-३० मायक्रोलिटर, पांढऱ्या टाइलवर ४ मिनिटं हलवायचं, गुलाबी थेंबात रवाळ गुठळ्या दिसतात का पाहायचं.

गोठेकरी
अजिबात पटलं नाही. होकार आलेल्या गाईचं पुढे काय करणार? ज्या देशांनी हा रोग हटवला त्यांनी तपासून जनावर काढलं आणि मालकाला भरपाई दिली. महाराष्ट्रात गाईची कत्तल १९७६ च्या कायद्याने बंद आहे, बैल-वळूंची २०१५ च्या दुरुस्तीने. कायदा योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. पण मालक ती गाय गुपचूप दुसऱ्या तालुक्याच्या बाजारात नेतो, आणि तुमच्या चाचणीनेच रोग गावाबाहेर जातो.

लस गाभडणं रोखते, आणि खरा संसर्ग तिथेच आहे. गाभडलेल्या गाईच्या झारात (वारेत), गर्भजलात जिवाणूंचा प्रचंड साठा असतो. लशीपासून शंभर टक्के संरक्षण मिळत नाही हे मान्य. तरी घोळ होतो तो बहुधा टोचण्यात. ८ महिन्यांनंतर टोचली तर प्रतिपिंडं टिकून राहतात, मग तुमची रोझ बंगाल चाचणी, लशीची प्रतिपिंडं कुठली नि रोगाची कुठली, हे सांगूच शकत नाही. गाभण गाईला दिली तर ती गाभडू शकते. गोऱ्ह्याला द्यायचीच नाही, वृषणदाह होतो. लस जिवंत आहे, २ ते ८ अंशांतच हवी. पातळ केलेली कुपी दुपारभर झाडाखाली राहिली की टोचलं काय नि न टोचलं काय! टोचणाऱ्याला हातमोजे आणि गॉगल हवेतच, कारण सुई बोटात गेली तर माणसालाही ब्रुसेलोसिस होतो.

तापमापी
या वादात आजारी माणूस कुठेच दिसत नाही. त्याला ब्रुसेलोसिस झाला की महिना-महिना रेंगाळणारा ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, धरलेली कंबर. विडाल (टायफॉइडची चाचणी) होते, मलेरिया तपासतात, शेवटी क्षयावर संशय जातो. हा रोग मणक्यात बसला तर एमआरआयवर खरोखरच क्षयासारखा दिसू शकतो.

उपचार म्हणजे डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, ६ आठवडे. जोडीला तितकेच दिवस रिफाम्पिसिन, किंवा स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं २ ते ३ आठवडे. एकाच औषधावर भागवलं, किंवा ताप उतरला म्हणून पंधरवड्यात थांबवलं, की आजार उलटतो. आणि रिफाम्पिसिन हे क्षयाचं मुख्य औषध. क्षय नसल्याची खात्री न करता दिलं तर क्षयाचे जंतू त्याला दाद देईनासे होतात. माणसाच्या रक्ततपासणीतही चकवा आहे: प्रतिपिंडं फार असली तर कमी पातळ केलेल्या सिरममध्ये गुठळी होतच नाही, पुढच्या पातळ्यांपर्यंत जावं लागतं.

आपल्याकडे दूध उकळूनच पितात. संसर्गाची खरी वाट आहे ती अडकलेला झार उघड्या हाताने ओढण्याची. रेंगाळणाऱ्या तापाच्या रुग्णाला ‘गोठ्यात एवढ्यात कुणी गाभडलं का?’ हा प्रश्न विचारणं सक्तीचं करा. पैसा त्या नोंदींवर आणि हातमोज्यांवर घाला.

माणदेशी
शेळ्या-मेंढ्या कुठे गेल्या? माणसांत सगळ्यांत जास्त आढळतो तो ब्रुसेला मेलिटेन्सिस, आणि तो मुख्यतः त्यांच्यातूनच येतो. माल्टा बेटावर ब्रिटिश लष्करी डॉक्टर ब्रूस यांना हा जंतू १८८७ मध्ये सापडला, पण तिथलेच डॉक्टर झॅमिट यांनी १९०५ मध्ये शेळ्या तपासल्या तेव्हा उगम कळला. पुढच्या वर्षी सैनिकांना शेळीचं दूध बंद झालं आणि ताप झपाट्याने घटला. इथे मेंढपाळांच्या वाड्यावर वीत (शेळ्या-मेंढ्यांचं विणं) हाताने होते, लस मात्र गाई-म्हशींच्या वासरांपुरती. सूक्ष्मदर्शी, तुमची रिंग टेस्ट शेळीच्या दुधाला चालतही नाही.

सूक्ष्मदर्शी
शेळ्यांचं मान्य, तिथे रक्तच तपासावं लागेल. गोठेकरी, विक्रीच्या भीतीवर उपाय आहे: निकाल गाईच्या नावावर नको, गावाच्या नावावर लावा. होकार आलेल्या गावात वासरांचं लसीकरण आधी, आणि झार-गर्भ चुन्यासह खोल पुरायची सोय, कुत्र्यांना उकरता येणार नाही अशी.

गोठेकरी
गावाच्या नावावर ठीक. पण केंद्राच्या टाकीत शंभर गोठ्यांचं दूध एकत्र होतं. त्यात दोन आजारी गाईंचं दूध इतकं पातळ होईल की कडं दिसणारच नाही, आणि तुम्ही गाव निर्धोक म्हणून मोकळे व्हाल. दहा-दहा गोठ्यांचे गट पाडून नमुने घेत असाल तर मी विरोध मागे घेतो. मात्र तोवर एकही वासरू लशीवाचून थांबता कामा नये.