गावातलं बूस्टर शिबिर: चवथीआधी की नंतर?

लंडनहून, 16 ऑगस्ट 2022

नमस्कार मंडळी,

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आपल्या गावात मंडळाच्या खर्चाने कोविड लशीच्या बूस्टरचं, म्हणजे तिसऱ्या डोसचं, शिबिर घ्यायचं चाललंय. मांडव, खुर्च्या, चहा आणि म्हाताऱ्या माणसांना आणायला-सोडायला गाडी, एवढं आपलं. लस सरकारी, फुकट. तारीख रविवार 28 ऑगस्ट धरलीय, कारण चवथीसाठी, म्हणजे गणेश चतुर्थीसाठी, आपले बरेच जण तोवर गावी पोचतील आणि कामाला हात मिळतील.

लोक येतील का, हा प्रश्न आहे. जुलैत दिल्लीहून आलेला आकडा वाचलात ना? 18 ते 59 वयाच्या 77 कोटी लोकांपैकी एक टक्क्यानेसुद्धा तिसरा डोस घेतलेला नव्हता. गोव्यात तर गेल्या सप्टेंबरातच पहिला डोस सगळ्यांना दिल्याचं जाहीर झालं होतं. मग आताच पाठ का फिरली? अफवा, व्हॉट्सॲप, लशीची भीती अशा गोष्टींवर एक पत्रक काढावं म्हणतोय. मजकूर सुचवा.

डिचोलीहून, 17 ऑगस्ट

> अफवा, व्हॉट्सॲप, लशीची भीती

दादा, पत्रकाचे पैसे वाचवा. लशीला घाबरणारा पहिल्या सुईलाच अडतो. इथल्यांनी रांगा लावून दोन घेतल्यात. तिसऱ्याला कोणी नाही म्हटलेलं नाही, 'बघूया' म्हटलंय. आणि आपल्याकडचं 'बघूया' म्हणजे काय, ते लंडनला जाऊनही तुम्ही विसरला नसाल.

दुसऱ्या डोसमागे कागदाचा रेटा होता. दोन डोसचं प्रमाणपत्र असलं की निगेटिव्ह रिपोर्टवाचून गोव्यात शिरता येत होतं. तिसऱ्याचं प्रमाणपत्र कोणी मागत नाही. सक्तीचा धाकही उरलेला नाही, लस घ्यायला कोणावर जबरदस्ती करता येणार नाही असं सुप्रीम कोर्टाने 2 मे रोजी सांगून टाकलंय. त्यात जानेवारीत ओमिक्रॉन घरोघर फिरला. दोन डोसवाल्यांनाही झाला, दोन-तीन दिवस अंग मोडून आलं आणि उतरलं. त्यामुळे 'दोन घेऊनही झालाच' आणि 'झाला तो साधाच होता' ही दोन वाक्यं एकाच तोंडून एका दमात निघतात. साधा झाला त्यात त्या दोन डोसांचाही वाटा होता, हे मात्र कोणी जोडून बघत नाही.

पैशाचंही आहे. जून 2021 पासून 18 वरच्या सगळ्यांना फुकट मिळणारी लस तिसऱ्या खेपेला, 10 एप्रिलपासून, साठीच्या आतल्यांना खासगी इस्पितळात विकत घ्या म्हणून सांगितलं. 225 ची लस, वर 5 टक्के जीएसटी, इस्पितळाचा आकार जास्तीत जास्त 150. माणशी 386 रुपये, चौघांच्या घराला पंधराशेच्या वर. लोकांनी त्यातून सरळ अर्थ काढला: सरकार पैसे मागतंय म्हणजे गरजेची नसणार. 15 जुलैपासून 75 दिवस फुकट केली, पण तीन महिन्यांत बसलेलं मत तसं उठत नाही. नावही धड नाही. सरकार म्हणतं प्रिकॉशन, पेपरवाले लिहितात वर्धक मात्रा नाहीतर दक्षता मात्रा. 'दक्षता' म्हटलं की आम्हांला भ्रष्टाचाराचं खातं आठवतं.

शिवाय कोव्हिशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर आधी 4 ते 6 आठवडे, मग 6 ते 8, मग 12 ते 16. बूस्टरचं आधी 9 महिने, 6 जुलैपासून 6 महिने. कारणं असतील, पण दर खेपेला आकडा बदलला की माणूस म्हणतो, यांचं ठरू दे, मग बघूया.

28 तारीख तर सोडूनच द्या. चवथीआधीचा शेवटचा रविवार! गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, नेवऱ्या म्हणजे करंज्या, घराची रंगरंगोटी. त्या दिवशी हातात सुई टोचून घेऊन दुसऱ्या दिवशी तापात पडायला कोण येणार? औद्योगिक वसाहतीत रोजावर जाणाऱ्याला तर ताप म्हणजे एक दिवसाची मजुरी.

म्हापशाहून, 17 ऑगस्ट, रात्री

लसीकरणाच्या टेबलावरचं थोडं सांगते, कारण शिबिर फसतं ते तिथे.

कोव्हिशिल्डची व्हायल, म्हणजे कुपी, 10 डोसांची, प्रत्येकी अर्धा मिली. उघडल्यावर 4 तासांत संपवायची, उरलं तर फेकायचं. त्यामुळे आरोग्य केंद्रात तीन माणसं आली की सिस्टर म्हणतात, थांबा, दहा होऊ द्या. दोघं तासभर बसून निघून जातात. ती परत येत नाहीत, आणि वाड्यावर जाऊन सांगतात की लस नव्हती. फ्रिजमध्ये असतेच, दहा माणसं नसतात. खासगी इस्पितळांनी साठा ठेवणं बंद केलं त्याचंही कारण हेच.

म्हणून जाहिरात करण्याआधी याद्या करा. 11 सप्टेंबरला शिबिर धरलं तर दुसरा डोस 13 मार्च 2022 किंवा त्याआधी झालेला हवा, म्हणजे 26 आठवडे भरतात. वय 18 पूर्ण. मुलांना प्रिकॉशन डोस नाही, त्यांना उगाच आणू नका. कोव्हिशिल्डवाले आणि कोव्हॅक्सिनवाले वेगळे लिहा. बूस्टर त्याच लशीचा, किंवा 12 ऑगस्टपासून दोघांनाही कोर्बेव्हॅक्स चालते. पण कोर्बेव्हॅक्सची व्हायल 20 डोसांची, तेव्हा पाच-सहा कोव्हॅक्सिनवाले असतील तर त्यांना गाडीत घालून सरळ तालुक्याच्या केंद्रावर न्या.

कोव्हिशिल्डची यादी 27 वर थांबली तर आणखी तिघे शोधा. सकाळी नऊला दहा, साडेनऊला दहा अशा वेळा वाटून द्या. 'नऊ ते दोन कधीही या' म्हटलं की निम्मे दीडला उगवतात, आणि तोवर पहिली व्हायल अर्धी फेकावी लागते.

बर्फाची काळजी केंद्राचे लोक घेतात, तरी माहीत असावं. लस 2 ते 8 अंशांत राहायला हवी, गोठली तर बाद. फ्रीझरमधून काढलेला बर्फाचा पॅक तसाच लशीच्या डब्यात, कॅरिअरमध्ये, घालत नाहीत. बाहेर ठेवून हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मग. उत्साही पोरांना 'आणखी बर्फ घालूया' म्हणू देऊ नका.

लस घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं. त्यासाठी खुर्च्या जास्त लागतात, टोचण्याच्या जागी दोन पुरतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायला लावा. गोळी बंद करायची नाही, बारीक सुई वापरून नंतर दोन-तीन मिनिटं दाबून धरायचं, चोळायचं नाही.

तापाबद्दल: कोव्हिशिल्डचा पहिला डोस ज्यांना भोवला होता त्यांना सांगा की या लशीचा त्रास सर्वांत जास्त पहिल्याच डोसला होतो, पुढच्यांना कमी. आला तर बहुधा त्याच रात्री, आणि एक-दोन दिवसांत जातो. पॅरासिटामॉल ताप आल्यावर घ्यायची, येईल म्हणून आधीच नाही. नुकताच कोविड होऊन गेला असेल तर बरं झाल्यापासून 3 महिने थांबायचं.

मस्कतहून, 18 ऑगस्ट

ताईंच्या यादीत एक भर. म्हाताऱ्यांचे डोस ज्या मोबाइलवर नोंदले गेलेत तो नंबर पुष्कळदा मुलाचा, आणि मुलगा आखातात. ते सिम कपाटात किंवा केव्हाचं बंद. ओटीपी येत नाही, म्हणून टेबलावरचा पोरगा दुसऱ्या नंबरवर नव्याने नोंदणी करतो. कोविन या सरकारी नोंदणी पोर्टलच्या लेखी तो माणूस नवा, आणि त्याचा तिसरा डोस 'पहिला' म्हणून छापला जातो. नंतर 'रेझ ॲन इश्यू'मध्ये जाऊन प्रमाणपत्रं जोडत बसावं लागतं.

तेव्हा बाहेर असलेल्यांनी चवथीला जाताना ते सिम चार्ज करून न्यायचं. जाणार नसाल तर शिबिराच्या सकाळी फोन हाताशी ठेवायचा आणि ओटीपी तोंडी सांगायचा. ओळखपत्र पहिल्या वेळी दिलं होतं तेच. आणि इथे फायझर घेतलेल्यांनी गावी जाऊन तिसरा शोधू नये, ती लस तिथे मिळत नाही.

लंडनहून, 18 ऑगस्ट

पत्रक रद्द. मांडवाचे पैसे खुर्च्यांकडे वळवले. 28 पण रद्द, पण मग आम्ही सगळे परतलेलो असू!

दोन शंका. इथे 15 तारखेला मॉडर्नाच्या नव्या लशीला मंजुरी मिळाली, मूळ विषाणू आणि ओमिक्रॉन दोन्ही धरून केलेली. गावातले कॉलेजवाले म्हणतात, तीच येऊ दे. आणि पंचविशीतल्या धडधाकट पोराला तिसऱ्याचा खरंच किती उपयोग?

म्हापशाहून, 19 ऑगस्ट

मॉडर्ना भारतात कुठेच टोचली जात नाही. तिच्यासाठी थांबणं म्हणजे मुंबईच्या गाडीसाठी वाळपईच्या स्टँडवर उभं राहणं.

पोराबद्दल खरं सांगते. लागण टाळण्याचा उपयोग काही महिन्यांतच ओसरतो. इस्पितळात न जाण्याचा जास्त टिकतो, आणि तो धोका पंचविशीत मुळातच कमी. साठीच्या वर, मधुमेह, किडनी, दमा असलेल्यांत फरक मोठा पडतो. म्हणून ओढाताण करायचीच तर म्हाताऱ्यांसाठी करा. पोरगा आजीला घेऊन आला तर त्यालाही टोचू, आणि व्हायलचे दहा भरायला तो उपयोगी. पण त्याला 'घेतलीस तर कोविड होणारच नाही' असं कोणी सांगू नका. दोन डोसांच्या वेळी तसं सांगितलं गेलं, त्याचीच फेड आत्ता चाललीय.

डिचोलीहून, 19 ऑगस्ट

11 सप्टेंबर, रविवार, पक्की. अनंत चतुर्दशी 9 ला संपते. 10 पासून पितृपक्षातले म्हाळ सुरू होतात, त्यात लग्नं-बारशी नाहीत, माणसं घरी सापडतात. हुकलीच तर 18 हाताशी आहे, फुकट लस 30 पर्यंतच.

पंचायतीच्या निवडणुकीचा निकाल 12 ऑगस्टला लागला. नव्या पंचांना घरन्‌घर पाठ आहे आणि अजून फोनही उचलतात. वाड्यागणिक एकेक पंच आणि अंगणवाडीची बाई अशी जोडी लावतो, 4 सप्टेंबरपर्यंत यादी. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना पत्र या सोमवारी देतो, कोविनवर सत्र त्यांनाच उघडावं लागतं. अंथरुणाला खिळलेले असतील त्यांची नावं त्याच पत्रात वेगळी लिहितो, घरी येऊन टोचण्याची विनंती करून.

खुर्च्या 40 सांगितल्यात. जागा देवळाचा सभामंडप की शाळा, ते ठरायचंय. मंडपाला सात पायऱ्या आहेत, म्हणून माझं मत शाळेला.