ॲडम्स ड्राय फ्लाय पाण्यावर कलंडते : गावरान कोंबड्याच्या पिसांबाबत मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार.

मी नागपूरला राहतो. ट्राउट थंड पाण्यातला मासा असल्याने विदर्भात तो मिळण्याचा प्रश्नच नाही. परंतु येत्या मे महिन्यात रीतसर परवाना काढून हिमाचलच्या तीर्थन नदीवर ब्राउन ट्राउटसाठी जाण्याचा बेत आहे, आणि त्यासाठी लागणाऱ्या फ्लाय (गळावर पिसे, लोकर वगैरे बांधून केलेली कीटकासारखी आमिषे) घरीच बांधाव्यात असे ठरवले आहे. त्यातही निवडली ती १९२२ साली मिशिगनमध्ये लेनर्ड हॅलाडे यांनी बांधलेली ‘ॲडम्स’ ही ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी फ्लाय. ती कोणत्याही एकाच कीटकाची हुबेहूब नक्कल नसल्यामुळे अनोळखी नदीवर अधिक भरवशाची वाटते.

गळ १४ नंबरचा आहे. शेपटी गळाच्या दांडीइतकी लांब ठेवतो आणि अंगाला मस्करॅट या पाण्याकाठच्या उंदरासारख्या प्राण्याच्या लवेऐवजी राखाडी लोकर मेण लावून वळतो. अडचण हॅकलची, म्हणजे गळाभोवती गुंडाळून फ्लायला पाण्यावर तोलून धरणाऱ्या पिसांची आहे. तपकिरी आणि पट्टेरी ही दोन्ही पिसे मी ओळखीच्या कोंबडीवाल्याकडून, गावरान कोंबड्याच्या मानेची, निवडून आणली. (तो हल्ली मला पाहिले की आधी हसतो आणि मग पिशवी काढतो.) या पिसांच्या कण्यालगतचा मऊ, गुंतलेला भाग पार टोकाकडे पोहोचलेला असतो, आणि तंतूंची लांबी गळाच्या तोंडाच्या रुंदीच्या साधारण दीडपट हवी असताना ती दुपटीच्याही पुढे जाते. कूलरच्या टाकीत सोडल्यावर फ्लाय प्रथम तंतूंच्या टोकांवर व्यवस्थित उभी राहते. मात्र तो मऊ भाग भिजू लागला की नाक खाली घालते आणि कुशीवर कलंडते. सिलिकॉनचे फ्लोटंट (फ्लाय तरंगती ठेवणारा लेप) लावल्यास एवढेच होते की हे थोडे उशिरा घडते.

डोक्याकडची लहान पिसे घेतल्यास हा दोष कमी होईल का? की हॅकलसाठी खास पैदास केलेल्या कोंबड्यांची महागडी पिसे घेण्यावाचून गत्यंतर नाही? केवळ पट्टेरी पीस तसले घेऊन तपकिरी गावरानच ठेवले, तर निभावेल का? लोकरही पाणी धरत असावी, अशी मला शंका आहे. तिच्या जागी काय वापरावे?

तीर्थनसारख्या खळाळत्या, दगडधोंड्यांच्या पात्रात निरनिराळ्या वेगाचे प्रवाह दोरीला ओढतात आणि फ्लाय अस्वाभाविकपणे फरफटते, हे वाचून ठाऊक आहे. अशा ठिकाणी लांब फेकून दोरी प्रवाहाच्या वरच्या अंगाला उचलून टाकत राहावे, की जवळ जाऊन रॉड उंच धरावा आणि नऊ फुटी लीडरखेरीज (दोरी आणि फ्लाय यांना जोडणाऱ्या बारीक धाग्याखेरीज) पाण्याला काही टेकूच देऊ नये? डोंगरी नद्यांवर प्रत्यक्ष ड्राय फ्लाय टाकलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.