बिदागी नाही, टाळ्या नाहीत, तरी करता असं काय?

बोरीकाठ:
काल माळा झाडताना अण्णांची पेटी निघाली. भाता उंदरांनी कुरतडलाय, पण मधल्या पांढऱ्या पट्ट्या त्यांच्या बोटांनी झिजलेल्या तशाच. अण्णा अमळनेरला गिरणीत होते. रात्रपाळी नसली की जेवून ओट्यावर बसायचे, ऐकायला कोणी असो नसो. एकदा लग्नघरच्यांनी बिदागी देऊ केली तर हात जोडून म्हणाले, "माले वाजाडनं शे, धंदा नई करना." आई त्या रात्री जेवली नाही. घरात गरज होती, मला तेव्हा आईचंच पटलं. काल पेटी पुसताना अण्णा थोडे कळले. तुमचंही लिहा.

रानपाखरू:
हतनूर धरण, पक्षी बघायला. थंडीत दर रविवारी भुसावळहून पहाटे 5 ला निघतो. कॅमेरा नाही, दुर्बीण आणि वही. चक्रवाक किती, कुठल्या काठाला, वारा कसा होता. 11 वह्या झाल्यात. घरी विचारतात, यांचं काय करणार? काही नाही, पावसाळ्यात काढून वाचतो.

सुगरण सावदा:
मांडे!! हौसेने करायचे, मग ऑर्डरी घ्यायला लागले. दोन वर्षांत पुरणाचा वास नकोसा झाला. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सगळ्यांना नाही म्हटलं, घरच्यापुरते 12 केले. हातावर मांडा फिरवताना लेक समोर बसून बघत होती. बाकी नंतर, कुकर झाला

केळीबाग:
ताई मांडे भाजायचं खापर कुठून आणलं? आमचं तडकलं

सुगरण सावदा:
आमच्या कुंभाराकडून. तुमच्यासाठी एक सांगून ठेवू का?

केळीबाग:
हो हो, नक्की 🙏

जात्यावरची:
आमच्या असोद्याच्या बहिणाबाई बघा. लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात नि जात्यावर गाणी जुळवली. लेकाने, सोपानदेवांनी, ती टिपली म्हणून राहिली. त्या 1951 ला गेल्या, पुस्तक आलं 1952 ला. दळताना त्यांच्या मनात पुस्तक कुठलं असणार!

गिरणा:
बोरीकाठ, आईंचा राग मला समजतो. आमच्याकडेही किराण्याची उधारी आणि वडिलांचं भजन सोबतच चालायचं. पण कानबाईच्या जागरणाला ते गायला लागले की आईच सगळ्यांच्या पुढे जाऊन बसायची.

रानपाखरू:
भाता नवा बसवून मिळतो. आतले जुने सूर मात्र बदलू देऊ नका.

बोरीकाठ:
रविवारी धुळ्याला नेते. आई म्हणाली, मीही येते.