मदत हवी आहे: संगमरवरी अर्धपुतळा इटलीतून पुण्याला न्यायचा आहे

आर्नोकाठ: महिनाअखेरीला फ्लोरेन्स सोडून कायमचे पुण्याला परततोय. सामान बांधणारे अर्धपुतळ्याला हात लावत नाहीत, आधी कागद दाखवा म्हणतात. कसले कागद? घरमालकीणबाईंनी प्रेमाने दिलाय, विकायचा नाही. कृपया लवकर सांगा.

गारगोटी: कोणाचा पुतळा? उंची? सही? प्राचीन रोमन की एकोणिसाव्या शतकातला, यावर सगळं अवलंबून आहे. पाठीमागचा फोटो टाका.

आर्नोकाठ: तरुण बाई, डोक्यावरून पदरासारखं वस्त्र. दोन फूट असेल. सही नाही. केसांच्या वळ्यांत टाचणीच्या टोकाएवढे खड्डे आहेत.

भाऊ_नाशिककर: आमच्याकडे मकराण्याचा गणपती आहे. लिंबू-सोड्याने लख्ख होतो.

गारगोटी: भाऊ, लिंबू चुकूनही नको! आम्लाने संगमरवर झिजतो, झिलई कायमची जाते.
@आर्नोकाठ, ते खड्डे मोजमापाचे असू शकतात. प्लास्टरच्या नमुन्यावरची मापं यंत्राने दगडावर उतरवताना असे बिंदू पाडत. एकोणिसाव्या शतकात फ्लोरेन्सच्या कारखान्यांतून प्रवाशांसाठी असे पुतळे भरपूर निघाले. पण नुसत्या खड्ड्यांवरून काळ ठरवू नका.

भाऊ_नाशिककर: २० वर्षं लिंबूच वापरतोय, काही झालं नाही.

मीनल_मिलान: मूळ प्रश्नाकडे येऊ या. वस्तू ७० वर्षांपेक्षा जुनी, कलाकार हयात नाही, किंमत १३,५०० युरोपर्यंत, तर निर्यात कार्यालयाकडे स्वयंघोषणा द्यावी लागते. किंमत जास्त असेल तर परवानगी, आणि तिला महिने लागू शकतात. उत्खननातली प्राचीन वस्तू असेल तर ही सवलत नाही. फ्लोरेन्समध्येच कार्यालय आहे, उद्याच जा.

सह्यकडा: एवढं कशाला? चादरीत गुंडाळून बॅगेत टाका.

मीनल_मिलान: कृपया असले सल्ले देऊ नका. विमानतळावर पकडलं तर पुतळा जप्त आणि वर गुन्हा.

पेठेतला: अमेरिकेत ऑस्टिनला २०१८ मध्ये जुन्या सामानाच्या दुकानात ३४.९९ डॉलरला घेतलेला अर्धपुतळा खरा रोमन निघाला. जर्मनीतल्या आशाफेनबुर्गच्या संग्रहातून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गेलेला होता, २०२३ मध्ये परत गेला. तुमच्या बाईंकडे कुठून आला?

आर्नोकाठ: त्यांच्या आजोबांचा, एवढंच माहीत आहे.

गारगोटी: मग तेच सहीनिशी लिहून घ्या. घरातला जुना फोटो मागा, ज्यात पुतळा दिसतो. काराबिन्येरींच्या (इटलीच्या पोलीस दलाच्या) चोरीच्या कलावस्तूंच्या यादीतही शोधा, ती ऑनलाइन आहे.

आर्नोकाठ: आज संध्याकाळी बाईंकडे जातो. किंमत कोण ठरवणार?

सह्यकडा: भारतात कस्टम किती लागेल?