दुधाची दाढ किडली, तर कोरायलाच हवी का?

दंतकथा: चार वर्षांच्या पोराचे हातपाय धरून दाढ कोरायची, हे आता पुरे. किडलेल्या जागी सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे औषध लावलं की कीड बऱ्याचदा तिथंच थांबते. सुई नाही, ड्रिल नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलंय. तरी कित्येक पालकांच्या कानावर हे नावही पडत नाही.

रोखठोक: थांबली म्हणजे खड्डा भरला का? घास अडकायचा तो अडकणारच. शिवाय कीड काळीकुट्ट पडते, ती कायमची. समोरच्या दातांना लावा, पोरगी हसायची बंद होईल.

दंतकथा: काळं पडतं, मान्य, म्हणूनच मी दाढेचं बोलतोय. खड्डा मोठा असेल तर हॉल पद्धत आहे. स्कॉटलंडच्या दंतवैद्य नोर्ना हॉल यांची. कीड न कोरता तयार स्टीलची कॅप सिमेंटनं बसवायची. आत कोंडलेल्या जंतूंना साखर मिळेनाशी होते. दुधाची मागची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत पडत नाही, तोवर तिला टिकवायचंय.

चिऊची_आई: आम्ही बसवली. डॉक्टरांनी दाबली तशी कडेची हिरडी पांढरीफटक झाली, आणि मग बाकीच्या दाढा एकमेकींना टेकेचनात. काही आठवड्यांत चावा जुळला, पण हे आधी कुणी सांगायचं? चिऊपेक्षा मीच जास्त घाबरले.

रोखठोक: आणि नस आधीच सडली असेल तर? रात्री ठणका, हिरडीवर पुळी, आणि वरून कॅप! पू कोंडून बसेल.

दंतकथा: अहो, त्या दाढेला ही पद्धत चालतच नाही. तिथं नसेचा उपचार, नाहीतर दाढ काढायची. आधी एक्स-रे बघायचा तो यासाठीच.

तिसरी_बाजू: ब्रिटनच्या ‘फिक्शन’ चाचणीचा निकाल २०२० मध्ये आला. ३ ते ७ वर्षांची मुलं, तीन गट: कोरून भरणं, कीड आत बंद करणं (हॉलची कॅप यातच), नुसता प्रतिबंध. दुखणं आणि संसर्गात ठळक फरक दिसला नाही. तिन्हीकडे बऱ्याच मुलांना त्रास झालाच.

रोखठोक: मग कॅपचं एवढं कौतुक कशाला?

दंतकथा: फरक दिसत नसेल तर मी सुईविना होणारं निवडेन.

रोखठोक: निवडा. पण ते फ्लोराइडचं औषध पुन्हा लावायला सहा महिन्यांनी पोराला नेणार कोण? रडारड नाही, दुखणं नाही, म्हणजे घरच्यांच्या लेखी काम झालं!